उभ्या गाडीची बॅटरी

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
पाडव्यानंतरचा सोमवार

प्रिय शांभवी,

गाडीची बॅटरी पुन्हा गेली. एवढं सांगायला फोन पुरला असता, पण फोनवर मी ओरडतो आणि तू "बरं अप्पा, बरं अप्पा" म्हणत राहतेस, त्यात काहीच ठरत नाही. आणि या खेपेला नुसत्या बॅटरीचं नाही, गाडीचंच काय करायचं ते ठरवायचं आहे. शिवप्रसाद गेल्यावर बायको म्हणून तुझंच नाव आपण त्या गाडीला लावून घेतलं, तेव्हा तुझ्याशिवाय ते ठरणारही नाही. आज दुकान बंद आहे, म्हणून बसलो लिहायला. तुझी अव्वा समोर गहू निवडत बसली आहे आणि "सून पुण्यात एकटी आहे, तिला काही वेडंवाकडं लिहू नका" म्हणून मला दोनदा बजावून झालं आहे.

तुला माहीत आहे, मला चारचाकी येत नाही. माझी धाव स्कूटरपर्यंत. पण पोराची गाडी दारात उभी राहून मरू द्यायची नाही, एवढं मी मनाशी धरलं होतं. आम्हा भुसारवाल्यांना सवयच तशी. सण असो की बंद, अर्धं शटर वर करून गल्ल्यापुढे उदबत्ती फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीचंही मी तेच केलं. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की बोटांना राहिलेली विभूती स्टिअरिंगला लावायची, किल्ली फिरवायची आणि वर चहा उकळेपर्यंत आत बसून राहायचं. अव्वा तर गाडीचा आवाज आल्याशिवाय आधणच ठेवत नाही. शिवप्रसाद असतानाची ती सवय. तो गाडी चालू करून वर यायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा, आणि तू मागून डबा घेऊन जिना उतरायचीस. त्या आवाजापुरतं घर पहिल्यासारखं वाटायचं. खरं सांगतो, बॅटरीपेक्षा मला तेच जास्त हवं होतं.

तूही त्यात सामील होतीस. दर रविवारी तुझा फोन, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गाडी सुरू केली का. मी म्हणायचो केली, तू म्हणायचीस बरं झालं. शिवप्रसादचं नाव कुणी घ्यायचं नाही, पण गाडीचं विचारायचं.

पहिली बॅटरी गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ती गाडीसोबतच आलेली, चार वर्षं चालली होती. सगळे म्हणाले, आपल्या उन्हात तीन-चार वर्षं म्हणजे बॅटरीनं आपलं काम केलं, पाच गेली तर नशीब समजायचं. नवी घातली. ती मात्र दोन वर्षंही टिकली नाही. तशी ती आधीपासून कुरकुरत होती. किल्ली फिरवली की इंजिन म्हाताऱ्यासारखं कण्हायचं, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, दिवे पिवळे पडलेले. मी म्हटलं, थंडी आहे. थंडी गेली तरी तेच. आणि बॅटरीच्या टोकांवर ॲसिडची पांढरी भुकटी जमली होती, तिचं काय झालं ऐक. खंडेनवमीला मी बॉनेट उघडून बॅटरीलाही विभूती लावतो ना, तर मला वाटलं ती विभूतीच आहे. पुसायची कशी? उलट दर सोमवारी वर आणखी थोडी लावत गेलो. हसू नकोस. अव्वा हसून हसून दमली आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर नुसतं टक्‌ झालं. मी तडक उद्यमनगरात बॅटरीवाल्याकडे गेलो आणि दुकानात पाय ठेवायच्या आतच भांडण काढलं. तिथे आता मालकाची मुलगी तेजस्वी बसते, डिप्लोमा केलेली. आवाज माझ्याहून मोठा. म्हणाली, "काका, आधी गाडी तर बघू द्या की! माल बघितल्याबिगर तुमी तरी भाव सांगता व्हय?" मग तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं.

तिनं बॉनेट उघडलं, ती पांढरी भुकटी बघितली, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि तोंडाला ओढणी लावली. मग मीटर लावून म्हणाली, बॅटरी पार बसली, आता चार्ज करून उपयोग न्हाय. मी म्हटलं, रोज सुरू करतो, एक दिवस चुकवला नाही. ती म्हणाली, "सुरू करता, पण हलवता का?" मी म्हटलं, हलवायची कुणी? तर म्हणाली, "मग त्यानंच गेली की हो काका. सुरू करताना ती एकदम भसकन ताकद देती, आणि जागेवर पाच-दहा मिन्टं फुरफुरून तेवढी परत भरत न्हाय. रोज थोडी थोडी उपाशी राहिली. गाडी अर्धा तास रस्त्यावर पळवली तरच भरती. आणि पळवायचीच न्हाय तर बॅटरीची वायर काढून ठेवायची, ते तरी बरं." मी तिथेच पायरीवर बसलो. म्हणजे तीन वर्षं मी जे जपतोय म्हणून करत होतो, त्यानंच ती मरत होती. फार वाईट वाटलं, शांभवी. लोखंडाच्या डब्यासाठी एवढं वाईट वाटतं का कुणाला? पण वाटलं.

नवी बॅटरी मागवून बसवल्यावर ती म्हणाली, चला, एक चक्कर मारून भरून आणू. आणि स्टिअरिंगमागे बसून तिनं सीट खटकन पुढे ओढलं. शिवप्रसादनं आपल्या लांब टांगांसाठी ते अगदी मागे नेलेलं, ते तसंच होतं. मी रोज त्यावर बसायचो, माझे पाय पॅडलपर्यंत पोचायचे नाहीत, पण मी ते कधी इंचभर हलवलं नव्हतं. मी असा ओरडलो की शेजारच्या शालूबाई गॅलरीत आल्या. पोरगी बिचारी गोरीमोरी झाली. "काका, पाय पोचल्याबिगर ब्रेक कसा दाबू?" म्हणाली. तेवढ्यात वरून तुझी अव्वा खाली आली, घरातल्याच चपलांवर. मला म्हणाली, "साकु!" कानडीतलं तिचं हे पुरे म्हणजे पुरे. आणि दार उघडून मागे जाऊन बसली.

शिरोली नाक्यावरून हायवेला लागलो आणि पेठ वडगावपर्यंत जाऊन आलो. गाडी छान पळाली. खिडकीतून वारा आला, सीटखालून कसला तरी कागद उडाला, तो तुझ्या पेपरमिंटचा निघाला. वडगावच्या अलीकडे अव्वा माझ्याशी कानडीत बोलायला लागली. परक्यापुढे घरचं बोलायचं असलं की ती कानडीवर येते. तेजस्वीला कानडी येत नाही, पण पोरगी समजूतदार, तिनं रेडिओ मोठा केला. आणि अव्वानं मला जे सांगितलं, ते ती दिवाळीपासून पोटात ठेवून होती.

दिवाळीला तू आलीस, तेव्हा बॅग ओढत कोपऱ्यापासून चालत आलीस. रिक्षा आत येईना म्हणालीस. मी त्या रिक्षावाल्याला दोन शिव्याही घातल्या. अव्वा त्या वेळी गच्चीवर आकाशकंदील बांधत होती. तिनं बघितलं, रिक्षा नव्हती. पुण्याच्या नंबरची गाडी होती. त्यातून एक उंच माणूस उतरला, तुझी बॅग त्यानं काढून दिली, तू आत वळलीस तरी तो तिथेच उभा राहिला. आणि मग त्यानं आपल्या घराच्या दिशेनं हात जोडले. वर कुणी बघतंय हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. अव्वा म्हणाली, देवळाला जोडावेत तसे जोडले. मग गाडीत बसून निघून गेला.

मी तिला विचारलं, इतके महिने बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तुमी रोज खाली बसून त्यो आवाज ऐकत हुता की. कसं सांगू?" आणि रडली. मीही रडलो. पुढे ती पोरगी नाक ओढत गाडी चालवत होती, म्हणजे कानडी कळायची काही गरज पडली नसावी. घरी आल्यावर मी सीट मागे ढकललं नाही.

तर हे पत्र यासाठी. पोरी, तू आमच्यासाठी एका जागी उभी राहू नकोस. दर रविवारी फोन करतेस, सणाला येतेस, आमच्यापुढे हसतेस, आणि तुझं आयुष्य कोपऱ्यावर उतरवून आत येतेस. आम्ही ते होऊ दिलं, कारण आम्हाला बरं वाटत होतं. आता नको. आपल्यात हे काही नवं नाही, अव्वाच्या सख्ख्या आत्तीचं दुसरं लग्न गडहिंग्लजातच वाजतगाजत झालं होतं. शिवप्रसाद आमचा आहे तसाच राहील, आणि तूही. गाडी तुझी आहे, ती पुण्याला घेऊन जा आणि पळव. येत्या बसवजयंतीला ये. त्याला घेऊन ये. नाव काय त्याचं, तेही आम्हाला माहीत नाही बघ. अव्वा विचारते आहे, त्याला आपली गव्हाची गोड हुग्गी आवडते का. गहू निवडणं त्याचसाठी चाललं आहे, अजून चांगला महिना आहे तरी. सीट त्याच्या टांगांना लागेल तसं मागेपुढे करून घेऊ दे, मी ओरडणार नाही. फक्त एक ऐक, या वेळी कोपऱ्यावर उतरू नकोस. दारापर्यंत या, दोघंही.

तुझ्या गाडीचा राखणदार,
तुझाच,
अप्पा