वहीतल्या बरोबरच्या खुणा

पोरीला नऊपर्यंत झोपू दे, पडदा सरकवू नकोस. मी बेकरीत जातेय, चारला येईन.

काल डॉक्टरबाईंना तिच्या डोकेदुखीची वही दाखवली. तीन महिने रोज गोळी दिल्याची तुझी बरोबरची खूण. त्या म्हणाल्या, मॅग्नेशियम आणि बी-टू जीवनसत्त्वाची गोळी इतक्या नेमाने देऊनही डोकेदुखी थांबत नाही, म्हणजे आता जोरदार औषध सुरू करायला हवं. मग त्यांनी सहज तिला विचारलं, "शू पिवळीधमक होते ना गं? त्या गोळीने होतेच."

पोरगी म्हणाली, "मी गोळ्या बेसिनमध्ये टाकते. बाबांना माहीत नाही."

घरी येईपर्यंत रस्ताभर मी तिला फाडफाड बोलले. रात्री बाम शोधताना तुझ्या दाढीच्या सामानामागे गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या सापडल्या. एकीचंही सील फोडलेलं नाही.

तुला हे थोतांड वाटत होतं, तर माझ्या तोंडावर सांगायचंस. भांडलो असतो, एवढंच.

एक बाटली उघडून ओट्यावर ठेवलीय. नाश्ता झाला की गोळी दे, आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहा. डॉक्टरबाईंना फोन करून खरं काय ते तूच सांग.

मी तिची माफी मागितली. तर मलाच विचारते, "बाबांना ओरडणार नाहीस ना?"

नाही म्हणाले. म्हणून ही चिठ्ठी.