दोन बेडरूमचं सभासदत्व

दि. १४ नोव्हेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस.

माझं शिवणकाम आता पॅंटची लांबी कमी करण्यापुरतं उरलंय. तुझे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी बिल्डिंगची लिफ्ट अडकली की पहिली हाक त्यांनाच जाते. गुडघा चालत नाही, तोंड चालतं.

मागे मॉलमध्ये एक कुपन भरलं होतं, त्यावर बक्षीस लागलं. रिसॉर्टमध्ये दोन दिवस फुकट. अट एकच, नवरा-बायको दोघांनी मिळून दीड तास त्यांच्या सभासदत्वाची माहिती ऐकायची. एकट्याला घेत नाहीत, कारण एकटा माणूस घरी विचारून सांगतो म्हणत सटकतो. बाबा म्हणाले, "ऐकू की. मला गंडवणारा अजून जन्मायचाय."

दीड तासाचे चार तास झाले. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं. वीसेक टेबलं, प्रत्येकावर एक जोडपं आणि एक टायवाला. कुणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आम्हीही वाजवल्या. आमचा टायवाला पाच मिनिटांतच मला आई म्हणू लागला. आजचा दर उद्या नाही, हे त्याने किती वेळा सांगितलं कोण जाणे. बाबांनी त्याला दाद दिली नाही. मग त्याचा साहेब आला, त्यालाही नाही. मला तर मजा वाटत होती.

टायवाल्याने फॉर्म पुढे ओढला. "आई, मुलं किती?"

मी म्हटलं, "नाहीत."

हेच लिहायचं टाळत इथपर्यंत आले. मला ते म्हणताना काही झालं नाही, ठमे. तू लग्नासाठी घर सोडलंस त्याला सहा वर्षं झाली. तिचं नाव घरात काढायचं नाही, असं बाबा तेव्हा म्हणाले होते. आई बिचारी काय करणार, असं तुला वाटत असेल. मी बिचारी नव्हते. या नव्या घरी आल्यापासून शेजारणींना, गिऱ्हाइकांना मी हेच सांगते. नाहीत म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. सवय झाली.

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "एक मुलगी आहे." तुझं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. माझ्याकडे बघितलंही नाही.

टायवाल्याला तेवढं पुरे होतं. "मग बाबा, एका बेडरूममध्ये कसं भागणार? ताई येतील, जावई येतील. पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा, सगळे एकत्र."

बाबांनी सही केली. मीही केली. आमच्यासाठी घंटा वाजली.

घरी आल्यावर शेजारच्या वकिलाला कागद दाखवले. तो म्हणाला, "काकू, चक्क गंडवलंय तुम्हाला. तुम्हाला मूलबाळ नाही, दोन बेडरूम कशाला हव्यात?" बाबा दारातच उभे होते. तसेच आत गेले. तेव्हापासून आमच्यात जेवायला वाढ आणि दार लाव, एवढंच बोलणं आहे.

दहा दिवसांत रद्द करता येतं, एकाची सही पुरते. परवा शेवटचा दिवस होता. मी फॉर्म घेऊन मशीनपाशी बसले. रद्द करण्याचं कारण लिहायला एक ओळ होती. खरं कारण एकच, दुसऱ्या खोलीत राहायला कुणी नाही. ते पुन्हा एकदा, आणि या वेळी लिहून, द्यायला माझा हात चालला नाही. दिवस उलटून गेला. आता पंचवीस वर्षं ती खोली आपली.

मेमधला पहिला आठवडा मिळालाय. बाबांनी कॅलेंडरवर खूण केली आहे. ते तुला लिहिणार नाहीत, तू त्यांना ओळखतेस. त्यांच्यासाठी ये. माझ्यासाठी ये म्हणायला मला तोंड नाही.

सहा वर्षांत पहिल्यांदाच हे दोन शब्द कुठेतरी लिहिते आहे,

तुझी आई