काढून टाकलेली ऊब

प्रिय तोलो,

कुळाच्या नावाने हाक मारली की तुझा राग निम्मा उतरतो, म्हणून सुरुवातच तशी केली आहे. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मला कळत नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपण भांडतोच, म्हणून जहाजावरून ईमेलने लिहिते आहे.

कॅप्टनला उद्या उत्तर द्यायचं आहे: केपटाउनला उतरायचं, की तशीच पुढच्या फेरीला निघायचं. ती फेरी म्हणजे अख्खा हिवाळा, पार बर्फाच्या कडेपर्यंत. तू म्हणशील, यात विचार कसला, तुला समुद्रच हवा. मी निघाले तेव्हा म्हणालाच होतास, "तू घरी असलीस तरी घरात नसतेस." मी रागाने घराची किल्ली तुझ्या हातात ठेवली आणि चालू लागले.

काम चांगलं चाललं आहे. खालून अगुल्हासचा कोमट प्रवाह आणि वरून दक्षिणेचा वारा, कान बधिर करणारा. समुद्र या वाऱ्याला किती ऊब देतो ते आम्ही मोजतो. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला एक यंत्र पाण्याकडे तोंड करून बसवलं आहे. ते पाण्याला न शिवता त्याचं तापमान सांगतं. जहाजाची स्वतःची उष्णता मोजमापात मिसळू नये म्हणून ते इतकं पुढे.

मध्यंतरी आमचे प्रमुख रीदवान हरखून गेले होते. रोज संध्याकाळी पाणी एकाएकी गरम व्हायचं. नवा प्रवाह सापडला म्हणून सगळे नकाशे उघडून बसले. शेवटी ते स्वतः बघायला आले, तर मी कठड्यावरून वाकून उभी. यंत्राच्या तोंडासमोर माझं डोकं. मग काय, जेवताना मक्याच्या कण्या वाढता वाढता त्या प्रवाहाला माझं नाव द्यायचं ठरलं. आचारी मला ताई म्हणावं तसं "सिसी" म्हणतो; तो म्हणाला, "सिसी, एवढं वाकून बघतेस तरी काय? नवरा पडलाय का पाण्यात?" मीही पोटभर हसले आणि खोलीत जाऊन रडले.

तिथून काही दिसत नाही रे. पण ती तुझी कामावरून येण्याची वेळ. तू दार उघडतोस, बूट न काढता चहाचं आधण ठेवतोस. तेवढा वेळ मला माणसांत बसवत नाही. फार एकटं वाटतं.

रीदवाननी काल ते आकडे काढून टाकले. योग्यच केलं, ती ऊब समुद्राची नव्हती. तुझी होती, तोलो, आणि रोज भलत्याच ठिकाणी नोंदली जात होती. म्हणून हे पत्र. कॅप्टनला सांगणार आहे, मी उतरते. गुरुवारी आम्ही धक्क्याला लागू. घ्यायला ये असं म्हणत नाही. पण किल्ली तुझ्याकडे आहे. मी दार वाजवीन तेव्हा तू घरात अस.

तुझीच,
नोझुको