मथळ्यातलं नाव

४ मे
झाशीत आलो. उन्हाने डांबर वितळतंय, पण माणसं त्याहून मऊ. प्रेमनगरात नारायणरावांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. ते रेल्वेतून निवृत्त. इंदुमतीबाईंनी आल्या आल्या पन्हं दिलं. मुलगी मयुरा माझ्याच नव्या कचेरीत बातम्या चढवते. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र अशी: काका, पानी रखा है, पिऊन घ्या. पन्नाशीला टेकलेल्याला पुण्यात कोणी विचारत नाही. इथे ‘जी’ लावतात. मजा आहे.

५ मे
काम सोपं. बातम्या प्रसिद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपोआप चालणाऱ्या चाचण्या बसवायच्या. चाचणी एक खोटी बातमी लिहिते, तिला पुढची तारीख लावते, मथळा नीट चढला का पाहते, हिरवा दिवा दाखवते आणि बातमी पुसून टाकते. मजकूर ती वाचत नाही. आमच्या वाचकांसारखीच.

संपादक अजयजींचा दंडक असा की खोट्या बातमीत नावं कचेरीतल्याच माणसांची घालायची. मनाने रचलेलं नाव घातलं की त्या नावाचा कोणीतरी खरा माणूस काठी घेऊन येतो. एकदा आला होता. विषय मारामारीचा, कारण तोच खपतो. मीही रंगात आलो: दर बातमीत बळी वेगळा, हल्लेखोर एकच. हल्लेखोराला निळा गमछा दिला, हातात कुऱ्हाड दिली. शिवाय तो आधी नाव विचारतो, मग मारतो, सभ्य माणूस. मयुरा हसून म्हणाली, काका, आप तो बड़े खतरनाक निकले.

७ मे
बातमी पुसण्याची पायरी सारखी अडखळत होती आणि पुढचं सगळं अडत होतं. तेवढी पायरी बंद केली; खोट्या बातम्या आपापल्या तारखा लावून तशाच राहिल्या. नंतर बघू. पडदाभर हिरवं. अजयजींनी समोसे मागवले.

९ मे
आमच्या फोटोवाल्या हर्षितची चार बोटं तुटली. दतिया गेटच्या बाजारात, भरदुपारी. दोन बोटं भाजीवाल्याच्या तराजूत पडली. इस्पितळात तो एकच घोकत होता: भैया, उसने पहले नाम पूछा.

माझ्या खोट्या बातमीत हेच आहे. तारीख हीच. तराजूसुद्धा.

१० मे
पुसायला बसलो. तारीख लागलेली बातमी काढायची तर संपादकांचा पासवर्ड लागतो. अजयजींना सगळं सांगितलं. ते खो खो हसले, पूनावाले वहमी होते हैं म्हणाले. कल चाय के बाद देखेंगे.

उद्याच्या बातमीत त्यांचंच नाव आहे, हेही सांगितलं. त्यावर जास्तच हसले.

११ मे
चहाआधीच. कचेरीच्या दारात, गाडीतून ओढून. पहिला घाव जबड्यावर. मान तुटायला आणखी दोन. काचेवर रक्त, आणि वायपर चालूच होता. वॉचमनने निळा गमछा पाहिला.
पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. डोकं —

१२ मे
उद्या मयुरा. ‘राहत्या घरी.’ आईबाप लग्नाला मऊरानीपुरला गेलेत. चल, इथून निघू, म्हणालो. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, लिखा तो आपने ही है, काका. मला ‘आप’ नेहमीचंच होतं. ‘काका’ मात्र पहिल्यांदाच अडखळून आलं. खालच्या खोलीत कडी लावून बसली आहे. पोलीस म्हणाले, दमछाक झाली असेल, आराम करा.

१३ मे, दुपार
सापडलं. बातमी काढता येत नाही, पण दुरुस्त करता येते. त्याला पासवर्ड लागत नाही. वा रे सॉफ्टवेअर!
मथळ्यातून मयुराचं नाव काढलं. माझं घातलं. चाचणी चालवली. हिरवं.
वीज गेली, इंटरनेटही गेलं.

खालचं दार फुटलं. मयुरा किंचाळली —
तिच्या खोलीपाशी थांबला नाही. जिना चढतोय. कुऱ्हाड कठड्यावर घासत येतोय. बरं झालं.

दाराशी आहे. विचारतोय, नीलकंठजी?
हो म्हटलं.

पहिला घाव. फळी गेली. मनगट दिसतंय, त्यावर वाळलेलं —
मथळा बदलला. चाचणी मथळाच बघते. हिरवं झालं म्हणून मी खाली वाचलंच —
खालचा मजकूर — मजकुरात अजून तिचंच —
वीज नाही. ओरडून सांगतो. मयुरा, पळ, माझ्यानंतर तो खाली ये