खांद्यावरून पडलेला पैलवान

आर्वी, सोमवार, ३ मार्च १९५८

ती. बाबांस मनकर्णाचा जय भीम.

१. काल इथल्या कुस्त्यांच्या दंगलीत आपल्या श्रावणने कुस्ती जिंकली.
२. रिवाजाप्रमाणे लोकांनी त्याला खांद्यावर उचलले.
३. गर्दीतून कुणीतरी त्याची जुनी जात ओरडून सांगितली. उचलणाऱ्यांनी हात काढून घेतले आणि तो खाली पडला.
४. उजवा खांदा निखळला. आमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो बसवला, पट्टी मी बांधली.

काळजी नसावी. तो माझ्या खोलीवर आहे आणि पोटभर जेवतो. "ताई, मी आखाड्यात नाई पडलो," एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो.

त्याच्यासोबत आलेली आपल्याच वस्तीतली पोरे त्याला डिवचतात, "पट्टी बांधून बाईसारखा काऊन बसला बे? मर्द असशील तर रविवारी पुन्हा उतरजो." हात तीन आठवडे बांधून ठेवला तरच सांधा धरेल. नर्स म्हणून सांगितले, बहीण म्हणूनही सांगितले. आता मी थकले.

मायचा खोकला कसा आहे?

लहानपणी तो पडला की "मर्द रडत नाई" असे तुम्हीच म्हणायचात. म्हणून हेही तुम्हीच त्याला कळवा, की न लढता घरी ये. उत्तर शनिवारपर्यंत इथे पोहोचावे.

तुमची
मनकर्णा