उतारावर लगाम कुणाच्या हातात होते

सायलस,

'चिरंजीव' लिहिणार होतो, पण हात वळेना.

काल माझ्याच खाणावळीत सगळ्यांसमोर तू छाती ठोकून सांगितलंस, "घोडागाडी उलटली ती मागे बसणाऱ्या गार्डमुळे. जेथ्रो प्यायला होता. उतारावर चाकाखाली लोखंडी अडसर लावलाच नाही म्हाताऱ्यानं!" वर माडीवर मोडका पाय घेऊन पडलेल्या जेथ्रोनं ते ऐकलं. मला म्हणाला, "मालक, अडसर लावायला उतरणार कसा? जमीनदारांचे छोटे साहेब गाडी थांबवतील तर ना!"

मला ते ठाऊकच होतं. गाडी उतारावरून येत होती तेव्हा मी दारात उभा होतो. तू हाकतोस तेव्हा चारही घोड्यांच्या टापा तालात पडतात. परवा नुसता गोंधळ ऐकू आला, आणि वर जमीनदाराचा पोरगा आनंदानं किंचाळत होता. बक्षिशीसाठी बड्यांच्या पोरांना शेजारी बसवून लगाम देणं सगळेच कोचवान करतात. तेवढ्यासाठी मी चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण ज्यानं तुला चाबूक धरायला शिकवलं, त्यालाच तुरुंगात घालायला निघालास?

तुझी वहिनी म्हणाली, "पत्र लिहून समजवा, सख्खा भाऊ आहे तुमचा." लिहिलं. पण हे वाचलंस की उद्या कोर्टात न येता पहिल्या गाडीनं बंदर गाठशील. ओळखतो मी तुला! म्हणून हे पत्र चुलीत जाणार. उद्या साक्षीला मी उभा राहतोय, तिथंच ऐक.

उद्यापर्यंत तरी तुझा भाऊ,
एनॉक