मिसिसिपीच्या फोटोतली गर्दी

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातच बोलत आले. आज कागद घेतला, कारण सकाळी आखातातल्या सलालाहहून तुमच्या धाकट्या भावाचा फोन आला आणि भावजींनी तुमच्या नावाने धमकी दिली.

आपली रेवा मिसिसिपीत शिकायला गेली ना, ती तिथल्याच डॅनियलशी लग्न करतेय. काळा आहे, शाळेत शिकवतो. भावजी ओरडले, "वहिनी, दादा असता तर पोरीला उभी चिरली असती! मी जाऊन त्याचे पाय तोडतो."

"आधी व्हिसा काढा, भावजी. जाण्याचं कारण काय लिहाल?"

"लग्नाला गेलात तर गावात पाऊल टाकू देणार नाही!"

चिरली असती का हो तुम्ही? विचारायला तुम्ही नाही, हेच छळतं.

लग्नाचं कळल्यावर मी त्या राज्याचा इतिहास वाचायला घेतला. माझं इंग्रजी ते केवढं! त्याच देशात, अल् घुब्राच्या आपल्या फ्लॅटमध्ये रेवाच्या शाळेच्या पुस्तकांवर शिकलेलं. शब्दकोश मांडीवरच असतो. कापसाची शेतं, चर्चमधली गाणी वाचताना बरं वाटत होतं. मग झाडं आली. गोऱ्यांनी काळ्या माणसाला धरायचं, बोटं छाटायची, जाळायचं, फांदीला टांगायचं. लोक डबे घेऊन बघायला यायचे, जत्रेला यावं तसे! वर फोटो काढून त्याची पोस्टकार्डं नातेवाइकांना धाडायची.

एका फोटोत बापाच्या खांद्यावर छोटी मुलगी होती. हसत होती. मला मात्र तिथे तुम्ही दिसलात.

आठवतंय? शिमग्याला पुरणपोळी खाता खाता सांगितलं होतंत. तुमच्या लहानपणी खालच्या वाडीतल्या एकाने पालखीला खांदा दिला, म्हणून गावाने त्याला दांडक्यांनी मारला. मरेपर्यंत. "आजोबांच्या खांद्यावरून सगळं दिसलं. दात मातीत पडले होते त्याचे," म्हणालात. पालखी त्या रक्तावरून पुढे गेली, घरोघर नारळ फुटले. एवढं सांगून तुम्ही तूप मागितलंत!

लहान पोर होतात, तुमचा काय दोष? पण मोठेपणी एकदा तरी घास अडकायला हवा होता.

परवा डॅनियलची आजी व्हिडिओ कॉलवर भेटली. तिच्या मामाला असंच टांगलं होतं. तिने विचारलं, तुमच्याकडे असलं काही नसेल ना? रेवा घाईने म्हणाली, "नो, नो, ग्रँडमा!"

मी म्हटलं, "येस." मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. रेवाने मध्येच मराठीत विचारलं, "आई, बाबांनी हे बघितलं?"

आजीने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

काय सांगणार? तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. तुम्हाला तरी ठाऊक होतं का हो?

मी लग्नाला जाणार. पण आधी गावी. भावजींना वेशीवर काठी घेऊन उभं राहायचं तर राहू देत. खालच्या वाडीत त्या मारलेल्या माणसाच्या घरचं कुणी असेल, त्यांच्या पायरीवर जाऊन बसेन. हाकलतील, तो त्यांचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. ते नाव घेऊनच मिसिसिपीला पोचेन आणि आजीला सांगेन. तुम्ही त्या गर्दीत होतात, तेही पुन्हा तुमचं नाव घेऊन सांगेन. रागवा हवं तर. हे माझं वचन.

तुमचीच,
सुनंदा